मागच्या डाव्या दाराचं हँडल

माझ्या व्याह्यांनी मला पुरात बुडालेली गाडी विकली. गाडी बुडाली होती हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. गोष्ट एवढीच आहे, आणि तिला फसवणूक सोडून दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. शिरोळकडं उसाची शेती, गोठ्यात सहा म्हशी, दारात ट्रॅक्टर आणि माझी एकुलती एक मुलगी सून म्हणून घरात, एवढ्या खुणांवर त्यांनी स्वतःला ओळखलं तरी पुरे. बाकीच्यांनी ओळखायची काही गरज नाही.

हे सगळं मला कळलं ते त्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराच्या आतल्या हँडलमुळं. ते हँडल मोडलं नसतं तर आजही मी चारचौघांत त्या गाडीची तारीफ करत हिंडले असते.

माझा धंदा मिरचीचा. नवरा गेला तेव्हा मुलगी चौथीत होती. लोकांच्या दारात जाऊन मुसळानं मिरची कांडून द्यायची, इथून मी सुरुवात केली. आज कोल्हापुरात स्वतःचं घर आहे, अंगणात मिरची कांडायचे दोन डंक आहेत आणि उन्हाळ्यात हाताखाली चार बायका असतात. हे कुणी आयतं दिलं नाही. बाजारात मिरची घेताना मी पोत्याच्या तोंडाची मिरची बघत नाही. ती सगळ्यांचीच चांगली असते. मी हात कोपरापर्यंत आत घालते आणि तळातली मूठ बाहेर काढते. नेसरीकडच्या एका शेतकऱ्यानं वजन वाढावं म्हणून पोत्याच्या बुडाला पाणी मारलं होतं. ती ओली मूठ मी त्याच्या नाकासमोर धरली तेव्हा तो मला म्हणाला, "ताई, ह्यो हात हाय का बोअर मारताय?" भाव मग मी सांगेन तोच झाला. चढ्या आवाजात बोलते, पटकन तापते, हेही खरं. आमच्या गल्लीत माझ्या रागाच्या गोष्टी मला न विचारता सांगितल्या जातात. पण आजवर मला कुणी फसवलं, अशी गोष्ट त्यांत नव्हती.

मग व्याह्यांची गाडी घेताना तो हात कुठं गेला होता, असं कुणीही विचारेल. मीही स्वतःला विचारलं.

त्याचं असं आहे की आमच्यात व्याह्याशी घासाघीस करत नाहीत. मुलगी दिलेल्या घरी जाताना आवाज आणि हिशेब दोन्ही उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हे माझ्या आईनं मला शिकवलं आणि तिला तिच्या आईनं. तिथं चहा गोड झाला तरी गोड आणि कडू झाला तरी गोड. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून भांडणारी बाई व्याह्याच्या सोप्यात, बाहेरच्या बैठकीत बसली की मुकी होते. मला हे जमणार नाही अशी सगळ्यांची खात्री होती, म्हणून तर मी ते हट्टानं जमवलं होतं.

मी गाडी चालवायला शिकले ती पन्नाशीला दोन वर्षं कमी असताना, गडमुडशिंगीच्या रस्त्यावर. लायसन हातात आल्यावर जुनी गाडी शोधायला लागले. त्या दिवाळीत फराळाला शिरोळला गेले होते. व्याह्यांनी नवी मोठी गाडी घेतली होती आणि जुनी लहान गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. त्यांनीच विषय काढला. "ईनबाई, बाहेर कुठं बघत बसताय? घरचीच गाडी हाय की," असं म्हणून त्यांनी ताडपत्री ओढली. वरून गाडी झकास होती. धुतलेली, पुसलेली, सीटवर नवी कव्हरं. आत जरा कुबट वास येत होता आणि त्यावर उदबत्तीचा. मी नाक वर केलेलं बघून ते म्हणाले की एकदा दुधाचा कॅन सांडला होता.

मग त्यांनी किंमत सांगितली. मनातल्या मनात मी ती सवयीनं निम्मी केली, आणि तोंड उघडणार तेवढ्यात माझं लक्ष मुलीकडं गेलं. ती लाडवाचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि टक लावून माझ्याकडं बघत होती. आई, इथं नको, असं ती बघते आहे हे मी ओळखलं. निदान तसं मला वाटलं. मी जीभ दातांखाली धरली आणि म्हटलं, "बरं."

व्याही आणखी काहीतरी यायचं आहे अशा नजरेनं माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, एवढी नावाजलेली बाई एका शब्दात हो म्हणाली, याचं त्यांना कौतुक वाटतंय.

आमच्या बाजारात शिरोळची गाडी म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पुरातली हाय का? कृष्णेचं पाणी त्या भागात वर आलं की घरं, गोठे, गाड्या, काही सोडत नाही. परक्या माणसाला मी तो प्रश्न नमस्काराच्याही आधी विचारला असता. पण व्याह्याला त्याच्याच दारात हे विचारायचं म्हणजे त्याला तोंडावर लबाड म्हणायचं. विचारलं नाही. गाडीला हळद-कुंकू लावलं आणि मुलीच्या हातचा लाडू खात कोल्हापूरला आले.

गाडीनं सुरुवातीला काही तक्रार केली नाही. फक्त मागचं डावं दार आतून उघडायला फार जड जायचं. मागे बसणाऱ्याला दोन्ही हातांनी हँडल ओढावं लागे. मिरची देणं-आणणं मी पुढच्या दारातून आणि डिकीतून करायचे, म्हणून त्याकडं फारसं लक्ष दिलं नाही.

चैत्रात मुलीचं डोहाळेजेवण झालं आणि तिला पहिल्या बाळंतपणासाठी मी घरी घेऊन आले. शिरोळहून निघताना तिच्या बाजूचं दार व्याह्यांनीच लावून दिलं, ती मागे पाय पसरून बसली होती. दारात गाडी लावली, तिला म्हटलं, थांब, तुकडा ओवाळल्याशिवाय उतरू नको, आणि भाकरी-पाणी आणायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर मुलगी बंद काचेआड बसलेली आणि तिच्या हातात हँडल. सबंध हँडल. ती ते मला झेंड्यासारखं दाखवत होती आणि हसत होती. डंकावरच्या चारही बायका मुसळं थांबवून बघायला आल्या. मी तुकडा काचेवरूनच ओवाळला, कारण हातात ताट होतं आणि दुसरं काही सुचत नव्हतं. मग बाहेरून दार ओढलं तेव्हा ते तिसऱ्या झटक्याला उघडलं.

ती हसत होती तरी माझं हसणं लगेच संपलं. दीड-दोन महिन्यांनी हिला कळा सुरू होतील, तेव्हा गाडी मीच चालवणार आणि ही मागेच बसणार. उजवीकडून उतरायचं म्हणजे दवाखान्यासमोरच्या रहदारीत उतरायचं. डावं दार आतून उघडलंच पाहिजे. आणि दुसरी गोष्ट, हँडल असं हातात येतं म्हणजे ते आधीच खिळखिळं असणार, आणि ते व्याह्यांना ठाऊक असणार. मी तिथंच फोन काढला.

मुलीनं माझा हात धरला. "आई, फोन करू नको. मला तिथं परत जायचं हाय."

ती एवढंच बोलली. तिच्या सासरी तिला काही त्रास नाही, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. व्याही तिला मुलीसारखं वागवतात, तिच्या ताटात तूप आधी पडतं, मोठ्या आवाजात तिच्याशी कुणी बोलत नाही. पण एका घरातला असा सुखाचा दिनक्रम माझ्या एका फोननं नासू शकतो, हे मला कळत होतं. मी एकदा सुरू झाले की कुठं थांबते हे मलाच माहीत नसतं. विहीण भांडून गेली की तिच्या मागे सुनेला रोज तिथं जेवायला बसायचं असतं. मी फोन पदराला पुसला आणि ठेवून दिला.

गॅरेजवाला म्हणाला की गाडी दोन दिवस सोडा. मजुरीचा आकडा ऐकून मी म्हटलं, दार बसवणार आहेस का सबंध गाडी? आणि घरी आले. मोबाइलवर एक दाढीवाला गृहस्थ हिंदीत बोलत सहा मिनिटांत असलंच हँडल बदलून दाखवत होता. मी तो व्हिडिओ चारदा पाहिला. डंकाचा पट्टा मी बदलते, बेअरिंगला ग्रीस मी देते, मोटरचा फ्यूज मी टाकते. मग हे काय मोठं?

हँडल आणायला उद्यमनगरात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा, काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून बसलेला. त्यानं एक हँडल ठेवलं आणि किंमत सांगितली. मी म्हटलं, एवढ्यात तर चार दारांची येतील. तो म्हणाला, आणा की मग चार, मीच विकत घेतो. असं आमचं जमलं. मी उठून पायरीपर्यंत गेले, त्यानं हाक मारली नाही. मी परत आले, त्यानं चहा मागवला. कंपनीचा माल आणि नकली माल, दोन्हींचा विषय झाला. शेवटी पाऊण तासानं, सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून थोडं वर, सौदा ठरला आणि मी विजयी मुद्रेनं घरी आले.

घरी येऊन हँडल दाराला लावून बघितलं तर ते उलटं. उजव्या दाराचं.

दुसऱ्या दिवशी तेच हँडल घेऊन मी पुन्हा त्या पायरीवर. विकलेला माल परत नाही, अशी पाटी त्याच्या डोक्यावरच होती. मी त्या पाटीकडं बघायचं नाही असं ठरवून गेले होते. त्यानं हँडल हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि म्हणाला, "मावशी, काल पाऊण तास तुमी किंमत बघितली. हँडल कुठं बघितलं?"

त्यानं डावं हँडल काढून दिलं आणि फरक काही घेतला नाही. त्या माणसाशी मी आता भांडत नाही.

रविवारी जावई मुलीला भेटायला आले. जावयाला काम सांगायचं नसतं, म्हणून मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पोह्यांची बशी दिली आणि मी खाली गोणपाटावर बसून गाडीच्या दाराला हात घातला. अंगणात दुसऱ्या बाजूला मिरची वाळत होती. जावयांना मिरचीची सवय नाही, ते दर दोन घासांना शिंकत होते.

मी पेचकस हातात घेतलेला बघून ते म्हणाले, "मामी, राहू द्या वो. गॅरेजला देऊया की. मी उद्या नेतो."

मी म्हटलं, उद्या तुम्ही जाणार. थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले की त्यांच्या ओळखीचा एक मेकॅनिक आहे, तो घरी येईल. मग तिसऱ्यांदा म्हणाले की मजुरी तेच देतील. मला बरं वाटलं. सासूनं खाली बसून काम करायचं आणि आपण खुर्चीवर, हे त्यांना बघवत नाही, असा मी अर्थ लावला. ट्रॅक्टरची निम्मी दुरुस्ती ते स्वतः करतात, तरी मदतीला मात्र खाली उतरत नव्हते, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

काम तसं अवघड नाही. हँडलच्या खोबणीत एक स्क्रू, दार ओढायच्या मुठीत दोन, ते काढले. काच वर-खाली करायचं जे फिरतं हँडल असतं, त्याच्या मागे एक तारेची क्लिप असते आणि ती दिसत नाही. व्हिडिओतल्या गृहस्थानं सांगितल्याप्रमाणे मी जुन्या साडीची चिंधी त्या हँडलमागे घातली आणि दोन्ही टोकं धरून ताक घुसळावं तशी मागेपुढं ओढली. तिसऱ्या ओढीला क्लिप टण्णकन उडाली आणि सरळ वाळत घातलेल्या मिरचीत पडली. डंकावरच्या बायकांनी ती हुडकून आणून दिली, वर विचारलं की हिचं चटणीत काय प्रमाण घालायचं.

आता राहिला तो दाराला आतून लावलेला पुठ्ठा. त्याच्या कडेनं प्लॅस्टिकच्या टाचण्या असतात. त्या उचकटत गेलं की पुठ्ठा सबंध हातात येतो. मी खालच्या कडेनं सुरुवात केली. जावई खुर्चीवरून उठले आणि माझ्या शेजारी उकिडवे बसले. "मी काढतो, तुमी सरका," असं म्हणाले. पण माझा जोर लागला होता. टाचण्या पटापट सुटल्या, पुठ्ठा निघाला आणि दाराच्या पोटातून राखेसारखा करडा गाळ भसकन माझ्या पायांवर पडला.

ओंजळभर नव्हता. पाटीभर होता. वाळून पीठ झालेला, त्यात उसाच्या पाचटाचे बारीक तुकडे. दाराच्या तळाला पाणी जायला भोकं असतात, ती चिखलानं लिंपल्यासारखी बुजली होती. हँडलपासून कुलपापर्यंत जाणारी सळई गंजून जाडी झाली होती. ती सरकतच नव्हती, म्हणून दार जड होतं, आणि जड दार ओढून ओढून प्लॅस्टिकचं हँडल मोडलं होतं. मी नवं हँडल नुसतं वरून बसवलं असतं तर तेही महिन्याभरात हातात आलं असतं. आणि तो महिना तिच्या बाळंतपणाचा असता.

मी जावयांकडं बघितलं. मिरचीनं त्यांचे डोळे आधीच लाल झाले होते, त्यामुळं त्यांत आणखी काही होतं का ते मला सांगता येत नाही.

"मामी, गाडी पाण्यात होती," ते म्हणाले. "आमच्या लग्नाच्या आदल्या पावसाळ्यात. चार दिस."

मी विचारलं की किती पाण्यात. ते म्हणाले, स्टेअरिंगच्या वर.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मी हसू की ओरडू हे मला ठरवता येईना. त्यांच्या वडिलांनी किंमत मुद्दाम फुगवून सांगितली होती. विहीण कोल्हापूरची, भाव निम्म्यावर आणल्याशिवाय सोडत नाही, हे त्यांनी ऐकलं होतं. भाव पाडताना ती पुराचं विचारणारच, तेव्हा सांगून टाकू आणि तिच्या मनासारखा भाव करून देऊ, असं त्यांनी घरात बोलून ठेवलं होतं. "तुमी काय बोललाच न्हाय," जावई म्हणाले. "एकदम बरं म्हनला. मग आप्पांची जीभच उचलंना. रातभर जागं हुते."

म्हणजे समोर व्याही म्हणून मी गप्प बसले आणि समोर विहीण म्हणून ते गप्प बसले. फरक एवढाच की मी गप्प बसून पैसे दिले आणि त्यांनी गप्प बसून घेतले. रात्रभर जागे होते म्हणे. सकाळी फोन तर चालू होता ना?

माझा आवाज चढायला लागला होता. तेवढ्यात माझं लक्ष दाराकडं गेलं. मुलगी उंबऱ्यात उभी होती, पोटावर हात ठेवून. ती गाळाकडं बघत होती, आणि तिला त्याचं नवल वाटलेलं नव्हतं.

मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"लग्नानंतर कळलं," ती म्हणाली. "तू घेत हुतीस तवा मी दारात उभी राहून तुझ्याकडं बघत हुते की. मला वाटलं, तू विचारशील. तू सगळ्यांना विचारतीस."

म्हणजे ती नजर नको म्हणत नव्हती. विचार म्हणत होती. पोत्याच्या बुडातली मिरची मला हाताला कळते आणि पोटच्या पोरीची नजर कळली नाही. पण तेव्हा मला हे सुचलं नाही. तेव्हा मी एवढंच विचारलं की मग नंतर तरी का सांगितलं नाहीस.

तिनं खाली बघितलं. "कुणाच्या बाजूनं सांगू?"

माझी मुलगी लहानपणापासून मला सगळं सांगत आली. शाळेत मार खाल्ला तर सांगायची, दिला तरी सांगायची. मी तापट असेन, पण माझ्याशी लपवाछपवी करावी लागेल असं तिला मी कधी वाढवलं नाही. आणि ती दिवाळीपासून चैत्रापर्यंत माझ्याशी रोज फोनवर बोलत होती, गाडी कशी चालतेय असं मी कौतुकानं सांगत होते आणि ती बरं बरं म्हणत होती. गाळ बघून जेवढा राग आला नव्हता तेवढा तिचं ते खाली बघणं बघून आला. पण तो काढायला समोर कुणी नव्हतं. समोर होती ती आठव्या महिन्यातली मुलगी, आणि शिंकणारा जावई.

मी खराटा घेतला. जावयांनी तो माझ्या हातातून घेतला आणि आपण होऊन अंगण झाडलं. जावयानं सासरचं अंगण झाडल्याचं आमच्या गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं, ते त्या दिवशी चार बायकांनी पाहिलं. मग आम्ही दोघांनी मिळून दार साफ केलं. तळाची भोकं खिळ्यानं मोकळी केली, सळई रॉकेलच्या फडक्यानं घासली, कुलपात तेल सोडलं. इतर तीन दारांचे पुठ्ठेही काढले. तिथंही गाळ होता, थोडा कमी. नवं हँडल सळईला अडकवलं, स्क्रू आवळले, पुठ्ठा ठोकून बसवला. मुलगी आत बसली, दार लावून घेतलं आणि एका बोटानं उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. सात-आठ वेळा तरी. मग आम्ही मटण जेवलो. जावयांनी रस्सा तीनदा घेतला.

जूनच्या एका सकाळी नऊ वाजता तिला कळा सुरू झाल्या. मी गाडी काढली. दवाखान्याच्या दारात थांबले, हँडब्रेक ओढून मी वळून बघेपर्यंत तिनं स्वतः दार उघडून एक पाय खाली ठेवला होता. मुलगी झाली. आजीसारखा आवाज आहे, असं तिथल्या नर्सनं पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं.

व्याही बाळाला बघायला आले. येताना गुळाची ढेप, डिंक, बाळंतिणीला तूप आणि बाळाला चांदीचे वाळे. नातीला मांडीवर घेऊन ते असे बसले होते की त्यांना काही विचारणं म्हणजे देवळात भांडण काढणं. चहा झाल्यावर त्यांनीच विचारलं, "ईनबाई, गाडी काय म्हणतीया?"

जावई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. मुलगी बाळाचं दुपटं सारखं करत होती, जे आधीच सारखं होतं. मी म्हटलं, "चालतीय." ते म्हणाले, "चालणारच की. घरचीच गाडी हाय." आणि गेले. त्या दिवशी संध्याकाळी डंकावर आलेल्या दोन गिऱ्हाइकांना माझी काही चूक नसताना, म्हणजे त्यांची काही चूक नसताना, बोलणी खावी लागली.

फोन करू नको, असं मुलगी म्हणाली होती. तोंडावर बोलू नको, हे मी माझ्याच मनानं पाळलं. लिहू नको असं कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून लिहिलं. लिहून झाल्यावर आधी तिला वाचून दाखवलं. ती बाळाला थोपटत ऐकत होती. ताटात तूप आधी पडतं, हे वाक्य ठेव, असं तिनं सांगितलं. बाकीचं खोडायला सांगितलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, छापून आलं तर त्यांना मीच वाचून दाखवीन.

तर व्याही, हे तुम्ही तुमच्या सुनेच्या तोंडून ऐकत असणार. गाडी मी परत करत नाही. दारं आता चारही नीट उघडतात, ती मी आणि तुमच्या मुलानं स्वच्छ केली आहेत. किमतीचं म्हणाल तर मी बरं म्हटलं होतं, आणि म्हटलेल्या शब्दावरून मी मागे येत नाही. तुम्हाला विचारायचं ते दुसरंच आहे. आपण दोघं मोठी माणसं, मान राखायचा म्हणून गप्प बसलो, ते आपलं आपण बघू. पण ज्या पोरीला तुम्ही मुलीसारखी म्हणता, तिला सहा महिने आईशी खोटं बरं बरं बोलायला लागलं, भर अंगणात आईसमोर मान खाली घालावी लागली, आणि गाळानं भरलेल्या दाराशेजारी भरल्या पोटानं बसून यावं लागलं. तुम्हाला ते दार ठाऊक होतं. ती त्या सीटवर बसताना तुम्ही स्वतः उभे राहून दार लावलंत. तेव्हा तुमच्या मनात काय होतं?

श्रावणात तुम्ही तिला आणि नातीला न्यायला येणार आहात. मुलाला पुढं पाठवू नका, स्वतः या. माझ्या सोप्यात बसा, आणि चहा यायच्या आधी, तिच्यासमोर, मला याचं उत्तर द्या.